खिळ्यावरची चावी

कर्जतच्या चार फाट्यावर मुनाफचं गॅरेज होतं, तेव्हा त्याच्या बाकड्यामागच्या भिंतीत एक खिळा होता. रस्त्यावर जायच्या लायकीची नाही असं वाटलेल्या गाडीची चावी तो त्या खिळ्याला अडकवायचा. मग मालक हातापाया पडो की आईमाईवरून शिव्या देवो, काम पुरं झाल्याशिवाय चावी खाली यायची नाही. एका सरपंचाची जीप त्यानं अशीच पाच दिवस डांबून ठेवली होती. सरपंच पाच दिवस एस्टीनं हिंडला आणि सहाव्या दिवशी मुकाट्यानं गाडी घेऊन गेला.

आयुष्यात मुनाफनं एकाच गाडीची चावी वेळेआधी काढून दिली. ती गाडी आमची होती. माझा थोरला भाऊ पदू तिच्याखाली मेला, आणि मुनाफनं त्याला मारलं असं सगळा तालुका बारा वर्षं म्हणत राहिला. ते खोटं माझ्या तोंडून निघालं होतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे, आणि लिहिताना स्वतःला सोडायचं नाही असं ठरवलं आहे.

मुनाफ मूळचा नेरळचा. त्याचा बाप माथेरानच्या घोड्यांना नाल ठोकायचा. घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बघायचा आणि खुरात काही खोट दिसली की घोडा आपल्याच खुंटाला बांधून टाकायचा. घोडेवाला रडकुंडीला यायचा, पण म्हातारा म्हणायचा, 'वर दरी हाय. जनावर घसरलं तं माणूस जाईल.' खिळ्याची खोड मुनाफला तिथूनच लागली. बापानं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. दुसऱ्याच्या देवाधर्मात नाक खुपसायचं नाही. चार घरं आपली, चारशे घरं त्यांची, सगळ्यांची जनावरं आपल्या दारात येतात, तेव्हा कुणाच्या सणावाराबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. मुनाफनं दोन्ही गोष्टी जन्मभर पाळल्या. त्या दोन्ही एकमेकींच्या आड आल्या तर काय करायचं, हे मात्र बापानं सांगून ठेवलं नव्हतं.

पन्नास-एक्कावन्न साली तो कल्याणला लष्कराच्या भंगारात निघालेल्या गाड्या खोलायला लागला. तिथं दहा वर्षं हात काळे करून परत आला, चार फाट्यावर पत्रे ठोकले आणि नेरळचीच रुकय्या करून आणली. अंगानं किडकिडीत, बोलणं तोलूनमापून. कान मात्र विलक्षण. कडावकडून गाडी येताना दिसायच्या आधी तो सांगायचा, 'ही गजाची. दोन नंबरचा गिअर रडतोय तिचा.' आम्ही पैज लावायचो आणि हरायचो.

मला मोटारीतलं काही कळत नाही. मी शाळामास्तर. पण सुट्टीत पदूबरोबर गॅरेजात जाऊन बसायचो, त्यामुळे मुनाफची एक शिकवण मला पाठ झाली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा गोल डबा असतो, त्याला डिफरन्शल म्हणतात. इंजिनाचा जोर त्यातल्या दातेरी चक्रांतून चाकांना जातो. त्यात जाड, पिवळसर तेल असतं, नव्वद नंबरचं. इंजिनाचं तेल सगळ्यांच्या ध्यानात राहतं, कारण ते पुढं असतं. मागच्या डब्याकडे कुणी वाकून बघत नाही.

"हे तेल कधी बदलायचं, मुनाफभाई?" मी एकदा विचारलं होतं.

"गाडी नवी असंल तं पयल्या हजार मैलाला," तो म्हणाला. "दात नवे असतात, एकमेकांना खातात, बारीक चुरा पडतो. मंग दहा-बारा हजाराला. पोती वाहणारी गाडी असंल, घाट चढणारी असंल, तं त्याच्या निम्म्यात. पर खरं सांगू मास्तर? आकडा बघून नाय बदलायचं, बोट बघून बदलायचं."

असं म्हणून त्यानं डब्याचं बूच काढलं, करंगळी वाकवून आत घातली आणि बोट माझ्यापुढं धरलं. तेल बुचाच्या खालच्या काठाला टेकलेलं असलं म्हणजे पुरेसं. काळं झालं, करपल्याचा वास आला, तर बदलायचं. तळहातावर चोळून उन्हात धरलं आणि चमचम दिसली तर दात झिजताहेत असं समजायचं. "आणि दुधाच्या चहासारखं दिसलं," तो म्हणाला, "तं आत पाणी शिरलंय. मंग मैल मोजायचे नाय, दिवस बी मोजायचा नाय. तवाच बदलायचं."

पण आमच्याकडे कोण बोट बघतो? आमच्याकडे पंचांग बघतात. कर्जत-खालापूरच्या तेव्हाच्या गाडीवाल्यांची रीत अशी, की गाडीतलं तेल बदलायचं ते खंडेनवमीला. पावसाळा संपलेला, चिखल धुतलेला, गाडीला नवं तेल घालायचं आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, झेंडूचा हार घालून पूजा करायची. रीत वाईट नव्हती. पावसाळ्यात भिजलेल्या गाडीला पावसाळ्यानंतर ताजं तेल मिळायचं. मुनाफही त्या दोन दिवसांत बारा-पंधरा गाड्या करायचा आणि पेढा खायचा.

पदूची पिकअप म्हणजे लष्करातून निघालेली जुनी गाडी, मागं लाकडी फळ्यांचा हौदा केलेली. कशेळ्याजवळ आमचं गाव. पदू भाताची पोती गिरणीला न्यायचा, खांडसच्या बाजूला किराणा पोहोचवायचा, लग्नाची वऱ्हाडं आणायचा. वडील गेल्यावर सगळं घर त्यानंच ओढलं. मला डी. एड.ला घातलं तेही त्यानंच. मनानं उमदा आणि वागायला उतावळा. नाही म्हणणं त्याला जमायचं नाही.

चौऱ्याहत्तर साली गौरी-गणपतीच्या विसर्जनाला तो कुणाला तरी नाही म्हणू शकला नाही. गावचे तेरा गणपती पिकअपमधून पेज नदीवर नेले. दगडांवरून मूर्ती उतरवताना पाय घसरतात, म्हणून सगळे म्हणाले, गाडीच मागं घे, पार पाण्यात. पदूनं गाडी उलटी घेतली. मागचा आख पाण्याखाली गेला. आरत्या, गजर, मागच्यांचं पुढं-पुढं, सगळं मिळून गाडी अर्धा तास तशी उभी होती. पेजेला वरच्या वीजघराचं पाणी येतं, ते बारमाही गार. चालून तापलेला डबा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बारीकशा भोकातून पाणी आत ओढलं जातं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पाण्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

दहा-बारा दिवसांनी, पितृपंधरवड्यात, आम्ही तिघं कर्जतच्या बाजाराला गेलो. वडिलांची तिथी तीन दिवसांवर होती. आई, म्हणजे सोनुबाई, पुढच्या सीटवर भोपळा आणि अळूची जुडी मांडीवर घेऊन बसली होती. चार फाट्यावर पोहोचायच्या आत मुनाफ रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात केला.

"पदूभाऊ, मागून आवाज येतोय. गाडी आत घ्या."

त्यानं बूच काढलं, करंगळी घातली. बोट बाहेर आलं ते दुधाच्या चहासारखं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं बोट पुसलं, पदूच्या हातातून चावी घेतली आणि खिळ्याला अडकवली.

"तासाभराचं काम हाय. सगळं काढून धुऊन नवं घालतो."

पदू तयार झाला होता, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. तो बाकड्यावर टेकलाही होता. तेवढ्यात सीटवरून आई बोलली.

"पदू, पित्रं चालू हायती. पित्रात गाडीला नवं काय घालायचं नाय. तुझ्या बापाची तिथ तीन दिसांवर आली नि तू नवं कसलं करतोस रं? दसऱ्याला घाल."

"आये, पाणी गेलंय आत."

"आजवर कधी दसऱ्याच्या आधी घातलंस का?"

पदू माझ्याकडं बघायला लागला. घरात शिकलेला मी. त्या दिवशी एक वाक्य बोललो असतो तर भाऊ वाचला असता. पण मी शहाणपणा पाजळला तो असा. "मुनाफभाई, दरवर्षी दसऱ्यालाच बदलतो की. तीन आठवड्यांनी काय होतंय? हळू चालवील तो."

त्या वर्षी अधिक महिना आला होता, दसरा पार ऑक्टोबरच्या शेवटावर गेलेला. मुनाफनं पंक्चरची नळी उचलली, परत ठेवली. सरपंचाला पाच दिवस न भ्यालेला माणूस, पण ही गोष्ट सरपंचाची नव्हती, आमच्या मेलेल्या बापाची होती. आईनं सीटवरूनच हात पुढं केला.

"मुनाफ, आमच्या पित्रांचं हाय रं. दे चावी."

मुनाफनं चावी काढली आणि आईच्या हातात दिली. "हळू चालवा पदूभाऊ," एवढंच म्हणाला. गाडी निघाली तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला होता. मला वाटलं, निरोप द्यायला आलाय. आता कळतं, तो आवाज ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी वडिलांची तिथी. पदू पहाटेच खांडसला किराण्याची पोती टाकायला गेला होता. दुपारच्या आत येतो म्हणाला होता, कारण तो आल्याशिवाय आई कावळ्याला पान ठेवणार नव्हती. म्हणजे तो घाईत होता, आणि घाई आमचीच होती. खांडसहून उतरताना, रिकाम्या गाडीत, तो डबा जाम झाला. मागची दोन्ही चाकं एकदम धरली गेली. गाडी आडवी होऊन घसरली, ओढ्यात उलटली, आणि पदू खाली सापडला. लोकांनी वासे लावून गाडी उचलली तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं. घरी पान तसंच वाढलेलं होतं. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

आम्ही ओढ्यावर पोहोचलो तेव्हा मुनाफ तिथं होता. सायकल झाडाला टेकवलेली, आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेला पाच शेराचा तेलाचा डबा. तो पदूच्या पायाशी बसला होता. त्याला बघून गर्दीत कुजबुज सुरू झाली. हा इथं कसा? आणि तेल घेऊन कशाला? कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "तेल बदलून स्वतःचं पाप झाकायला आला."

पोलीस जमादारानं खोपोलीचा एक मेकॅनिक आणून गाडीचा मागचा डबा फोडला. आतली चक्रं तांबूस पडलेली, दात मोडलेले, तळाशी पांढुरका चिखल. तो मेकॅनिक म्हणाला, पाणी आहे, शेवटी ज्यानं गाडी बघितली त्याला हे दिसायला पाहिजे होतं. संध्याकाळी आमच्या पडवीत जबाब झाले. आई खांबाला टेकून बसली होती, तिचं तोंड दगडासारखं झालं होतं. दारात अर्धा गाव उभा.

"तीन दिवसांपूर्वी गाडी मुनाफकडे होती ना, मास्तर?" जमादारानं विचारलं. "त्यानं काही सांगितलं होतं?"

मी आईकडं बघितलं. खरं सांगितलं असतं तर त्या दारातल्या बायांनी उद्यापासून पाणवठ्यावर काय म्हटलं असतं, ते मला ऐकू येत होतं. आईनंच पोर खाल्लं. आणि मास्तरनं मान डोलावली. आईसाठी खोटं बोललो असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. निम्मं खोटं मी माझ्यासाठी बोललो होतो.

"काही बोलला नाही," मी म्हणालो.

आई हलली नाही. जमादार मुनाफकडं वळला. "आणि हे तेल कशाला आणलं होतंस?"

मुनाफनं माझ्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. फार वेळ बघत राहिला. तो आता सगळं सांगणार, असं मला वाटलं.

"मी चावी दिली, साहेब," तो म्हणाला. तेलाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

कोर्टात काही टिकलं नाही, पण कर्जतला कोर्टाची गरज नव्हती. त्या दसऱ्याला मुनाफच्या दारात एक गाडी आली नाही. खंडेनवमीला तो दिवसभर बाकड्यावर बसून होता, असं गजानं मला सांगितलं. वर्षभरात पत्रे निघाले. मुनाफ खालापूरकडं एका खडीच्या खाणीवर डंपरांना ग्रीस मारायच्या कामाला लागला. रुकय्याही बरोबर गेली. नेरळच्या तिच्या माहेरीसुद्धा तिला लग्नकार्यात कुणी विचारत नसे, अशी बातमी कानावर आली. मी ती ऐकून घेतली आणि शाळेत जाऊन पोरांना सत्यमेव जयते लिहायला दिलं.

आई बारा वर्षं जगली. दर पितृपंधरवड्यात वडिलांच्या पानाशेजारी पदूचं पान वाढायची आणि स्वतः त्या दिवशी जेवायची नाही. मुनाफचं नाव आमच्या घरात निघालं नाही, ना तिच्या तोंडून ना माझ्या. शहाऐंशी सालच्या वैशाखात ती गेली. आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "जना, मुनाफचं नाव धू. मला धीर झाला नाय रं."

तेरावं झाल्यावर मी खालापूरला गेलो. खाणीवर दगड फोडणारं यंत्र कानठळ्या बसवत होतं. शेडच्या सावलीत मुनाफ ग्रीसच्या डब्याजवळ बसला होता. दाढी पांढरी झालेली. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं ओळखलं.

"मुनाफभाई, मला बोलायचंय," मी म्हणालो.

त्यानं हात कानामागं धरला. "मोठ्यानं बोला, मास्तर. कान गेले. या मशिनीनं खाल्ले."

गाडी न बघता आवाजावरून मालक सांगणारा हा माणूस. बारा वर्षं जे मी कुणाच्या कानातही बोललो नव्हतो, ते मला ओरडून सांगायचं होतं. मी ओरडलो. "तुम्ही सांगितलं होतं! पाणी गेलंय म्हणून सांगितलं होतं! मी खोटं बोललो!" नेमकं तेव्हाच जेवणाच्या सुट्टीसाठी यंत्र बंद झालं, आणि माझा आवाज सगळ्या खाणीवर गेला. पाट्या टाकून उभ्या असलेल्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी थांबलो नाही. तसाच ओरडत सगळं सांगितलं.

मुनाफनं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "काकी कधी गेल्या?"

"पंधरा दिवस झाले."

"मला वाटलंच. त्या असंस्तोवर तुमी येणार नवता." राग नव्हता बोलण्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तेल कशाला आणलं होतं?" मी ओरडून विचारलं. हा प्रश्न मला बारा वर्षं खात होता.

मुनाफ बोटाला लागलेलं ग्रीस चिंधीला पुसत राहिला. "काकींना नवं नको होतं ना? मंग जुनं चाललं असतं. दुसऱ्या गाडीतनं काढलेलं, गाळलेलं. पित्रात जुनं घालायला कोन नको म्हनतंय? येवढी साधी गोष्ट, पर तवा सुचली नाय. चावी दिली नि दोन रात्री झोप नाय. तिसऱ्या दिशी सकाळी सुचलं. रुकय्यानं तिची जुनी ओढणी फाडून दिली, दोघांनी तेल गाळलं नि मी सायकल काढली. कशेळ्याला आलो तं लोक खांडसकडं पळत होते."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो. तो माझ्याकडं न बघता पुढं बोलत राहिला. बहिऱ्या माणसांचा आवाज वाढतो, त्याचा उलट बारीक झाला होता.

"तेल कशाला ते रुकय्याला सांगितलं नवतं, ती पुसायची मला. रोज पुसायची. काम बराबर होतं तं तेल घेऊन का गेलास, म्हनायची. मी काय नाय बोललो. सांगितलं असतं तं तिनं कुठंतरी भांडनात काढलंच असतं. नवऱ्यासाठी कुठली बाई गप ऱ्हाईल? मंग काकींना गावात जगू दिलं नसतं कोनी."

"मी सांगतो तिला," मी उठत ओरडलो. "आत्ता चला. कुठं आहे ती? मी स्वतः सांगतो."

मुनाफनं माझ्या ओठांकडं बघून माझं वाक्य समजून घेतलं. मग खाणीच्या पलीकडं, करवंदीच्या जाळ्यांमागच्या कबरस्तानाकडं त्यानं मान वळवली.

"दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "मरताना बी माझ्यासाठी माफी मागत होती, मी मानूस मारला म्हनून. तिला सांगायला पायजे होतं, मास्तर. आता हितं वरडून काय उपेग?"

यंत्र पुन्हा सुरू झालं. तो उठला आणि ग्रीसचा डबा घेऊन डंपरखाली शिरला.